सत्तावीस

अण्णा २०१४ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या बॅगेतून सांगलीचं भडंग निघालं, हळद निघाली, आणि लेंग्यात गुंडाळलेली एक लांबट वही निघाली. स्कोअरबुक.

"अण्णा, हे कशाला आणलंत?"

"तूच म्हणालीस ना मॅच बघायला नेते म्हणून. मग? नुसतं बघत बसायचं होय?"

अण्णा शाळेत गणित शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी शिवाजी स्टेडियमवर क्लबच्या सामन्यांचे स्कोअरर असायचे. गुडघ्यावर वही, कानावर पेन्सिल, खिशात खोडरबर. मी लहानपणी शेजारी बसून खारे दाणे खायचे आणि "आता टिंब का काढलं?" असं विचारून त्यांना वैताग आणायचे. खेळाडूंपेक्षा त्यांना वहीचंच जास्त असायचं. शेवटची ओव्हर संपली आणि दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या की मगच ते पाणी प्यायचे.

आम्ही राहतो ते वॉकेशा हे गाव अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहराच्या पश्चिमेला अर्ध्या तासावर आहे. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा मला बेसबॉलमधलं काहीच कळत नव्हतं. गाडीत रेडिओ लावायची सवय लागली ती इंग्रजी कानाला बसावं म्हणून. एप्रिल उजाडला की त्या रेडिओवर एक म्हातारा बोलायला लागायचा. सामना चालू असायचा म्हणे, पण हा मासेमारीबद्दल बोलतोय, कुणीतरी पाठवलेल्या सॉसेजबद्दल बोलतोय, आणि मधेच एकदम ओरडतोय. नव्वद टक्के वेळ निवांत. बसस्टँडवर शेजारी बसलेला ओळखीचा माणूस बोलावा तसा.

आणि हा माणूस सतत स्वतःची टिंगल करायचा. आपण किती वाईट खेळाडू होतो, बॅट धरता येत नव्हती, चेंडू पकडता येत नव्हता. मला वाटलं, थापा असणार, श्रोत्यांना हसवायला. एकदा घरी येऊन शोधलं. आकडे खरे निघाले.

बॉब यूकर. जन्म २६ जानेवारी १९३४, मिलवॉकी. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, टूल अँड डाय मेकर. (जन्माचीही त्यानं एक गोष्ट करून ठेवली होती. विस्कॉन्सिन हे दुधादुभत्याचं राज्य, त्यामुळे पिवळ्या रंगाच्या मार्गारिनला तिथे १९६७ पर्यंत बंदी होती. लोणीवाल्यांचा दबदबा! लोक शेजारच्या इलिनॉयमधून गुपचूप आणायचे. आईवडील अशाच एका फेरीवर निघालेले असताना आपण वाटेत जन्मलो, असं तो सांगायचा. आपल्याकडे डालडा आणायला कर्नाटकात जाता जाता मिरजेच्या पुढे बाळंतपण व्हावं, तसं.) १९५६ मध्ये मिलवॉकी ब्रेव्ह्जनं त्याला करारबद्ध केलं, ३,००० डॉलरला. "त्या वेळी बाबांकडे एवढे पैसे नव्हते, पण त्यांनी इकडून तिकडून जमवले," हा त्याचा ठरलेला विनोद. म्हणजे पैसे संघानं दिले नाहीत, बापानं संघाला दिले.

मोठ्या लीगमध्ये तो १९६२ ते १९६७ खेळला. सहा मोसमांत मिळून सामने २९७. एका मोसमात १६२ सामने असतात, म्हणजे दोन मोसमही धड भरत नाहीत. ७३१ वेळा अधिकृत बॅटिंग, १४६ हिट, सरासरी .२००. पाचात एक. होमरन, म्हणजे आपले षटकार, १४. बेसबॉलमध्ये दहात तीन वेळा जमलं तर माणूस थोर म्हणायचा, दोनदा जमलं तर त्याला घरी पाठवायचं, आणि हा नेमका त्या घराच्या उंबऱ्यावर सहा वर्षं उभा होता.

मग ठेवला कशाला? कारण तो कॅचर होता, दुसरा कॅचर. कॅचर म्हणजे आपला यष्टिरक्षक, पण त्याहून हमालीचं काम. मास्क, छातीवर कवच, नडग्यांवर ढाली, आणि प्रत्येक चेंडूला उकिडवं बसायचं. एका सामन्यात दीडशेच्या आसपास चेंडू. रात्री सामना झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा असला, तर पहिल्या कॅचरचे गुडघे जाब विचारतात. तेव्हा दुसरा लागतो. एरवी त्यानं बुलपेनमध्ये पिचरांना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना, गरम करायचं, बाकावर बसायचं, टाळ्या वाजवायच्या. तिथले लोक त्या चिलखताला 'अज्ञानाची अवजारं' म्हणतात. शहाणा माणूस ते अंगावर चढवणार नाही, असा त्याचा अर्थ.

हे सांगितल्यावर अण्णा लगेच म्हणाले, "म्हणजे आपला समीर दिघे." त्यांच्या डोक्यात २००१ ची चेन्नई कसोटी कायमची बसलेली आहे. बत्तिसाव्या वर्षी पदार्पण, समोर ऑस्ट्रेलिया, शेवटच्या डावात नाबाद २२, आणि सामना दोन विकेटनी आपला. नंतर सहा कसोट्यांवर खेळ खलास. "पण ते बावीस कोण काढून घेईल?" असं ते दरवेळी म्हणतात. जणू मीच काढून घेणार आहे.

यूकरच्या वाट्यालाही असा एक दिवस आला. २४ जुलै १९६५, सँडी कोफॅक्सच्या चेंडूवर होमरन. पिचर कोफॅक्सनं त्या मोसमात २६ सामने जिंकले आणि ३८२ वेळा बॅटरला स्ट्राइकआउट, म्हणजे एकट्याच्या चेंडूंवर बाद, केलं. त्याच्यासमोर नावाजलेल्या बॅटरांची गाळण उडायची. दुसरा कुणी असता तर तीच गोष्ट नातवंडांना सांगत मेला असता. यूकर सांगायचा, "मला वाटलं होतं, ह्या एका होमरनपायी कोफॅक्सला हॉल ऑफ फेममध्ये घेणार नाहीत." हॉल ऑफ फेम म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांचं सन्मानदालन.

त्याच्या आदल्या वर्षी, १९६४ मध्ये, तो सेंट लुई कार्डिनल्समध्ये होता. संघ वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढतीत, पोचला, यांकीजला ४–३ असं हरवून जिंकला. सातही सामन्यांत कॅचर टिम मकार्व्हर, आणि तोही असा पेटलेला की .४७८ ची सरासरी. यूकर एक चेंडूही खेळला नाही. पण पहिल्या सामन्याआधी मैदानावर बँडवाल्यांची वाद्यं पडलेली होती. ह्यानं त्यातला ट्युबा उचलला, आउटफिल्डमध्ये गेला आणि सरावाचे उंच उडालेले चेंडू ट्युबाच्या तोंडात झेलायला लागला. काही आत गेले, काही काठावर आपटले. पितळेला पोचे पडले, आणि त्याचं बिल आपल्यालाच आलं, असं तो सांगायचा. संघाला विजेतेपद मिळालं त्यात आपला वाटा काय, तर आपल्याला कावीळ झाली होती. कशी? "ट्रेनरनं इंजेक्शन दिलं."

२००३ मध्ये कूपर्सटाउनला, हॉल ऑफ फेमच्या गावी, समालोचनाचा फोर्ड फ्रिक पुरस्कार घेताना त्यानं हे सगळं पुन्हा सांगितलं. मागे बसलेले दिग्गज डोळे पुसत हसत होते. मी ते भाषण इतक्यांदा ऐकलंय की इस्त्री करताना आपोआप म्हणते.

खेळ संपल्यावरचं थोडक्यात सांगते, कारण ते इथे सगळ्यांनाच ठाऊक आहे. ब्रेव्ह्ज १९६५ नंतर अटलांटाला गेले, १९७० मध्ये मिलवॉकीला ब्रुअर्स हा नवा संघ मिळाला. मालक बड सीलिगनं यूकरला आधी नव्या खेळाडूंच्या शोधावर पाठवलं. त्याचा पहिला अहवाल आला तो कुस्करलेल्या बटाट्यानं आणि ग्रेव्हीनं माखलेला होता, असं सीलिग सांगतो. १९७१ पासून त्याला माइकसमोर बसवलं, तो २०२४ पर्यंत उठला नाही. चोपन्न मोसम. मधे टीव्हीवर जॉनी कार्सनच्या गप्पांच्या कार्यक्रमात शंभरेक वेळा हजेरी, एक टीव्ही मालिका, आणि ती बिअरची जाहिरात. जाहिरातीत ह्याला फुकट तिकीट मिळतं, हा ऐटीत खाली येऊन बसतो, तिथून उठवतात, तर म्हणतो, "माझी जागा पुढच्या रांगेत असणार." शेवटी दिसतो तो पार वर, छपराखाली, एकटा.

म्हणून मिलवॉकीच्या स्टेडियममध्ये सगळ्यात वरच्या, छपराच्या खांबानं अर्धं मैदान झाकलेल्या जागांना 'यूकर सीट' म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा तिकीट होतं एक डॉलर. २०१४ मध्ये तिथेच, सेक्शन ४२२ च्या शेवटच्या रांगेत, त्याचा ब्राँझचा पुतळा बसवला. बसलेला पुतळा. शेजारची खुर्ची मोकळी.

अण्णांना मी तिथे घेऊन गेले. गुडघे कुरकुरत होते, पण वही हातात असली की त्यांना चढ जाणवत नाही. पुतळ्याला त्यांनी आधी नमस्कार केला (माझ्या मुलाला, ईशानला, मेल्यासारखं झालं), मग शेजारच्या खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि वही उघडली. क्रिकेटच्या वहीत बेसबॉल मांडताना त्यांची तारांबळ उडाली. ओव्हरच नाहीत म्हटल्यावर रकाने कशाचे करायचे? शेवटी त्यांनी पट्टीनं नवीन रेघा मारल्या. ईशान नियम सांगत होता, अण्णा लिहीत होते, मी हॉट डॉगवर मोहरी घालत होते.

चौथ्या की पाचव्या इनिंगमध्ये एक चेंडू कॅचरच्या मिटला, म्हणजे हातमोज्याला, लागून मागे गेला आणि दुसऱ्या बेसवरचा रनर तिसऱ्यावर पळाला.

"बाय," अण्णा म्हणाले.

"पास्ड बॉल," ईशान म्हणाला.

"कुणाच्या नावावर?"

"कॅचरच्या."

अण्णांची पेन्सिल थांबली. "नावावर म्हणजे? कायमचं?"

हो, कायमचं. क्रिकेटमध्ये बाय गेला तर धाव अवांतरमध्ये जाते. कीपरला शिव्या बसतात, पण वहीत त्याच्या नावापुढे डाग पडत नाही. बेसबॉलमध्ये पडतो. अधिकृत स्कोअरर ठरवतो: चेंडूच वेडावाकडा होता, साध्या प्रयत्नात अडला नसता, तर तो 'वाइल्ड पिच' आणि दोष पिचरचा. अडवायला हवा होता, तर 'पास्ड बॉल' आणि दोष कॅचरचा. आणि पुढची गंमत अण्णांना घरी आल्यावर रात्री मी सांगितली. पास्ड बॉलमुळे जी धाव होते, ती पिचरच्या सरासरीत, म्हणजे दर नऊ इनिंगमागे (एका पूर्ण सामन्यामागे) त्यानं किती धावा दिल्या त्या आकड्यात, धरत नाहीत. ती त्यानं 'दिलेली' धाव नव्हेच.

"असंय होय," अण्णा म्हणाले. "म्हणजे ह्याच्या खात्यात टाकलं की त्याचं खातं स्वच्छ."

मग मी त्यांना १९६७ ची गोष्ट सांगितली. यूकरच्या सगळ्या विनोदांमागे मला हीच गोष्ट दिसते, आणि लोक तिच्यावरून हसत हसत पुढे जातात ह्याचा मला रागही येतो.

१९६७ च्या जूनमध्ये फिलाडेल्फियानं यूकरला अटलांटाला देऊन टाकलं. तिथे फिल नीक्रो नावाचा अठ्ठावीस वर्षांचा पिचर होता. तोवर मोठ्या लीगमधले जेमतेम सहा विजय नावावर; बहुतेक मधल्या इनिंगमध्ये वापरायचा माणूस. त्याच्याकडे एकच हत्यार होतं, नकलबॉल. नखं चेंडूत रुतवून धरायची, मनगट ताठ ठेवायचं आणि चेंडू ढकलायचा, असा की तो फिरताच कामा नये. न फिरणाऱ्या चेंडूची शिवण हवेला कधी ह्या बाजूनं अडते, कधी त्या, आणि तो वाटेत विचार बदलतो. वेग साध्या चेंडूपेक्षा कितीतरी कमी. पण कुठे जाईल हे बॅटरला माहीत नसतं, पिचरला माहीत नसतं, आणि कॅचरला तर मुळीच नाही. त्यामुळे कुठल्याही कॅचरला तो नकोसा वाटतो. बेसवर रनर असला की नकोच. साधा चेंडू टाक बाबा, हा सुटला तर माझ्या नावावर.

यूकरनं उलटं सांगितलं. नीक्रोनंच पुढे ते सांगितलंय: जिंकायचं असेल तर नकलबॉलच टाक, केव्हाही टाक, मी पकडायचा प्रयत्न करीन. पकडीन म्हणाला नाही. प्रयत्न करीन म्हणाला.

त्या मोसमात यूकरच्या नावावर २७ पास्ड बॉल लागले. लीगमध्ये सर्वात जास्त, आणि अटलांटासाठी तो कॅचर म्हणून खेळला होता साठेक सामने. त्याच मोसमात नीक्रोची सरासरी १.८७ (पिचरची जितकी कमी तितकी चांगली). तीही लीगमध्ये पहिली. सत्तावीसचे सत्तावीस नीक्रोच्याच चेंडूवर गेले असं मी म्हणत नाही. पण हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. यूकरची कारकीर्द तिथेच संपली. नीक्रो वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला, ३१८ सामने जिंकला, १९९७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

ह्यावर यूकरचा विनोद काय? "नकलबॉल पकडायची उत्तम पद्धत म्हणजे तो घरंगळायचा थांबेपर्यंत वाट बघायची आणि मग उचलायचा." सगळे हसतात. हसायचंच असतं. मीही हसते. पण ऐकताना दरवेळी मला वाटतं, अरे, तूच मागितला होतास ना तो चेंडू?

तो फार चांगला खेळाडू होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. .२०० म्हणजे .२००. त्याच्या चाहत्यांपैकी काही जण आता त्याला छुपा रुस्तुम ठरवायला निघालेत, ते मला पटत नाही. त्यानं जन्मभर जे खरं सांगितलं, ते त्याच्या माघारी खोडायचं कशाला?

अण्णा परत गेल्यावर त्या शरदात ईशान आणि मी अंगणात नकलबॉल टाकून बघितला. ईशानचं वय बारा, त्याचं डोकं यूट्यूबवर बघितलेल्या व्हिडिओनं भरलेलं. त्यानं कॅचरचा मिट माझ्या हातात घातला. एखाद्या जुन्या उशीत हात घालावा तसा, आणि वास ओल्या चपलेचा. पहिले दहा-बारा चेंडू नुसते सरळ आले, फिरत. मग एक सुटला. मला त्याच्यावरचा लाल टाका स्वच्छ दिसत होता, इतका तो स्थिर होता. हवेत चिकटवल्यासारखा. मी मिट छातीपुढे धरला, आला आला म्हणेपर्यंत तो डावीकडे हलला, मी मिट डावीकडे नेला आणि त्यानं उजव्या गळपट्टीच्या हाडावर दण्णकन भेट दिली. पंधरा दिवस हिरवंनिळं होतं. ऑफिसात कुणी विचारलं तर काय सांगायचं? मुलानं मारलं म्हणायचं?

ईशान लांबून ओरडला, "आई, पास्ड बॉल!"

३ ऑक्टोबर २०२४ ला ब्रुअर्स मेट्सकडून नवव्या इनिंगमध्ये हरले. सामना हातात होता. पीट अलोन्सोनं चेंडू कुंपणापार मारला आणि मोसम संपला. मी गॅरेजमध्ये गाडी बंद करून रेडिओ ऐकत बसले होते. यूकर नव्वद वर्षांचा होता, आवाज पातळ झालेला. म्हणाला, ह्याचा डंख लागला. बस, एवढंच. त्याला फुप्फुसाचा कर्करोग होता, २०२३ च्या सुरुवातीपासून. आम्हा ऐकणाऱ्यांना ते तो गेल्यावर कळलं. १६ जानेवारी २०२५ ला तो गेला, एक्क्याण्णवाव्या वाढदिवसाला दहा दिवस उरले होते. बाहेर बर्फ होता, आणि लोक त्या थंडीत स्टेडियमबाहेरच्या त्याच्या दुसऱ्या पुतळ्यापाशी फुलं आणि बिअरचे कॅन ठेवून जात होते.

रात्री अण्णांचा फोन आला. तिकडे सकाळ. जावयानं कळवलं होतं.

"तुझा रेडिओवाला गेला म्हणे."

"हो अण्णा."

"मी ज्याच्या शेजारी बसलो होतो तो."

"तोच."

मागे प्रेशर कुकरची शिट्टी झाली, आई काहीतरी म्हणाली, अण्णा "थांब गं जरा" म्हणाले. वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. त्यांनी ती अजून ठेवली होती.

"सत्तावीस ना गं?"

"सत्तावीस."

"मी त्यातले निम्मे तरी बॉलरच्या नावावर लिहिले असते."

"मग नीक्रोचं १.८७ राहिलं नसतं."

"नसतं तर नसतं," अण्णा म्हणाले. "खोडरबर कशाला असतं?"